अंकभय : रुग्णांचे आणि आपलेही

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता अकरा वर्षांची एक मुलगी आईसोबत माझ्या दवाखान्यात आली. तक्रार पोटदुखीची होती. चार महिने अधूनमधून बेंबीभोवती दुखे, तास-दीड तास राही आणि औषध द्यावे न द्यावे तोच थांबे. ताप नाही, जुलाब नाहीत, वजन घटलेले नाही, दुखण्याने रात्री जागही येत नाही. आईच्या हातात जाडजूड फाईल होती. रक्त, लघवी, मल, सोनोग्राफी, सगळे झालेले आणि सगळे निर्दोष. जंतांचे औषध दोनदा देऊन झाले होते, आम्लपित्ताचे चालू होते.

अशा पोटदुखीची ओळख बालरोगशास्त्राला जुनी आहे. ॲप्ली व नैश यांनी १९५८ मध्ये ब्रिस्टल परिसरातील १,००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत निदान तीनदा, रोजचे काम थांबविण्याइतके पोट दुखणारी मुले तीत दहा-अकरा टक्के होती, आणि शारीरिक विकार त्यांतल्या फार थोड्यांत सापडत होता. परंतु विकार सापडला नाही म्हणजे दुखणे खोटे, असे ॲप्ली यांनी म्हटले नव्हते. आपण मात्र घाईगर्दीच्या ओपीडीत तसे म्हणून मोकळे होतो.

मी आईला एक साधे काम दिले. भिंतीवरच्या कालनिर्णयावर, ज्या दिवशी दुखेल त्या तारखेभोवती लाल वर्तुळ करायचे. सहा आठवड्यांनी त्या ती पाने घेऊन आल्या. वर्तुळे जवळपास सगळी दोन रांगांत होती : मंगळवार आणि शुक्रवार. “सासूबाई म्हणतात दृष्टीचं काहीतरी आहे, मॅडम. वारसुद्धा तसेच आहेत,” त्या थोड्या संकोचाने म्हणाल्या. मी मुलीला विचारले, मंगळवारी शाळेत पहिला तास कसला? ती आईकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, “मॅथ्सची ओरल टेस्ट. उभं राहून सांगायचं असतं. सर घड्याळ लावतात.”

“तासाला उभी राहिलीस की दुखतं?”

“नाही. त्याच्या आधी दुखतं. घरी. बूट घालताना.”

हे शेवटचे उत्तर मी कागदावर तसेच उतरवून घेतले. त्याचे महत्त्व पुढे येईल.

तीन निरनिराळ्या गोष्टी

‘अंकांची भीती’ या शब्दांखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबतो, त्या प्रथम सुट्या केल्या पाहिजेत.

पहिली म्हणजे एखाद्या विशिष्ट अंकाचे भय. पाश्चात्त्यांना १३ नकोसा वाटतो, म्हणून कित्येक इमारतींत त्या क्रमांकाचा मजला किंवा खोली नसते. चिनी व जपानी भाषांत ४ चा उच्चार ‘मृत्यू’ या शब्दाच्या उच्चाराशी जुळतो, म्हणून तिकडे चारला टाळतात. २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक निबंध आला होता : अमेरिकेतील चिनी व जपानी वंशाच्या लोकांत हृदयविकाराचे मृत्यू महिन्याच्या चार तारखेला अपेक्षेपेक्षा अधिक होतात, असा त्याचा दावा होता. त्या निष्कर्षावर पुढे आक्षेपही घेतले गेले. आपल्याकडे ताटात तीन पोळ्या वाढत नाहीत आणि तिघे मिळून कामाला निघाले तर कोणीतरी ‘तीन तिघाडा’ म्हणतेच. मीही आईच्या हाताखाली वाढलेली असल्याने तिसरी पोळी मोडून वाढते. या भयाने सहसा कोणाचे आयुष्य अडत नाही. अडले तर ते विशिष्टभीतीच्या सदरात मोडते आणि तिचे उपचार ठाऊक आहेत.

दुसरी गोष्ट डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे गणनाची जन्मजात अक्षमता. ब्रातिस्लाव्हाचे लाडिस्लाव कोश यांनी १९७४ मध्ये तिची नेमकी व्याख्या मांडली. बुद्धी चांगली, शाळा चांगली, तरीही सात आणि नऊ यांतले मोठे कोणते हे चटकन उमगत नाही, पाढा आज पाठ होतो व उद्या पुसला जातो. निरनिराळ्या पाहण्यांत हे प्रमाण साधारण तीन ते सात टक्के येते. मेंदूच्या डाव्या पार्श्व भागाला इजा झालेल्या प्रौढांतही गणन नष्ट होते. व्हिएन्नाच्या गेर्स्टमान यांच्या नावाचा लक्षणसमूह आपण सर्वांनी एम.डी.च्या परीक्षेसाठी पाठ केला होता : बोटे ओळखू न येणे, डावे-उजवे न कळणे, लिहिता न येणे आणि हिशेब न येणे. बोटे आणि आकडे मेंदूत शेजारी राहतात, हे त्या यादीत दडलेले आहे. तेव्हा ते लक्षात आले नव्हते. बोटांवर मोजणाऱ्या लहान मुलाच्या हातावर पट्टी मारणाऱ्यांना ते सांगायला हवे.

तिसरी गोष्ट म्हणजे आपला आजचा विषय. आकडा समोर आला, विशेषतः कोणी पाहत असताना, की छाती धडधडणे, हात गार पडणे, डोके रिकामे होणे, आणि पुढे तो प्रसंगच टाळू लागणे. १९५४ मध्ये अमेरिकेतील शिक्षिका सिस्टर मेरी फाइड्स गॉफ यांनी तिला ‘मॅथेमाफोबिया’ म्हटले. १९५७ मध्ये ड्रेगर व एकेन यांनी ‘नंबर अँग्झायटी’ हा शब्द वापरला आणि ती सर्वसाधारण चिंतेहून वेगळी काढता येते, हे दाखविले. १९७२ मध्ये रिचर्डसन व स्विन यांनी ती मोजण्यासाठी ९८ विधानांची प्रश्नावली तयार केली. आकड्यांचे भय आकड्यांतच मोजायचे, यातली गंमत त्यांच्या ध्यानी आली असेलच.

आता महत्त्वाचा मुद्दा. ही तिसरी गोष्ट म्हणजे दुसरीचे दुसरे नाव नव्हे. केंब्रिजच्या एका गटाने इंग्लंडमधील सतराशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या पाहणीत (२०१८) असे दाखविले की, तीव्र गणितभय असलेल्या मुलांपैकी सुमारे ७७ टक्के मुलांची गणितातील कामगिरी सर्वसाधारण किंवा त्याहून वरची होती. म्हणजे भ्यायलेली मुले बहुतांशी ‘ढ’ नसतात. ती चांगले गुण मिळवीत राहतात, म्हणून कोणाचे लक्ष जात नाही आणि पोट तेवढे दुखत राहते. माझ्या या रुग्णाला आदल्या वर्षी गणितात शंभरापैकी ७४ गुण होते.

उनहत्तर

येथे थोडे स्वतःविषयी लिहिते. मी हा विषय निवडला तो केवळ या मुलीमुळे नव्हे.

माझे पहिले चार इयत्तांचे शिक्षण इंदुरातच मराठी माध्यमात झाले. घरी आजोबा होते. संध्याकाळी दिवा लागला की पाढे. तीसपर्यंतचे पाढेच नव्हे, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. आणि साडेतीनची औटकी. सुरावर म्हणायचे, चुकले तर आजोबा फक्त थांबायचे, रागवायचे नाहीत. मला ते आवडे. तेव्हा मला आकड्यांची भीती नव्हती, हे मी खात्रीने सांगू शकते.

पाचवीत हिंदी माध्यमाच्या शाळेत घातले. पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी संख्या लिहायला सांगितल्या. ते म्हणाले, “उनहत्तर.” माझ्या मराठी कानाला ‘हत्तर’ म्हणजे सत्तरच्या घरातले : एकाहत्तर, बहात्तर, त्र्याहत्तर. मी ७९ लिहिले. हिंदीत उनहत्तर म्हणजे ६९. पुढे ते म्हणाले, “नवासी.” मराठीत नव्व्याण्णव सोडल्यास दशकाच्या शेवटी ‘एकोण’ येते, ८९ लाही ‘एकोणनव्वद’च. हिंदी ७९ ला ‘उनासी’ म्हणते आणि ८९ ला नियम मोडून ‘नवासी’. मी नवासीसाठीही ७९ लिहिले. दहापैकी सहा चुकले. गुरुजींनी पाटी वर्गापुढे उंच धरली आणि एक वाक्य बोलले, ते मी येथे लिहीत नाही. वर्ग हसला. त्या दिवशी जे पोटात उतरले ते पुढे तीस वर्षे राहिले.

माझी चूक गणिताची नव्हतीच, भाषांतराची होती. पण हे मला कोणी सांगितले नाही आणि मलाही ते समजले नाही. मला समजले ते एवढेच की आपल्याला गणित येत नाही. आपल्यासारख्या दोन भाषांच्या उंबरठ्यावर वाढणाऱ्या कुटुंबांत हा प्रकार आजही घडतो, फक्त आता हिंदीऐवजी इंग्रजी आहे. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे पाच आधी उच्चारतो आणि दोन आधी लिहितो. इंग्रजीत उच्चार व लेखन एका दिशेने जातात. जर्मन भाषेत आपल्यासारखीच उलटी रीत आहे, आणि ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांच्या अंकलेखनातल्या चुकांचा मोठा भाग या उलटापालटीचाच असतो, असे तिकडच्या अभ्यासकांना आढळले आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्रात ‘बालभारती’ने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी वाचनपद्धती आणली तेव्हा केवढे वादळ उठले होते, ते वाचकांना आठवत असेल. विधानसभेत थट्टाही झाली. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे इतकेच होते की, जोडाक्षरांनी भरलेली ही संख्यानामे लहान मुलांना अवघड जातात. ‘त्रेसष्ट’ हा शब्द मला प्रिय आहे आणि तो जाऊ नये असे मला वाटते. तरीही त्या वादात मी मनोमन नारळीकरबाईंच्या बाजूची होते. पाटी उंच धरलेली मी पाहिली होती.

विषय निवडण्याची वेळ आली तेव्हा मी जीवशास्त्र घेतले. सगळे म्हणाले, मुलीला डॉक्टर व्हायचे आहे. खरे कारण, गणित सुटेल हे होते. ही स्मरणिका वाचणाऱ्यांपैकी किती जण या वाक्याशी थबकतील, याचा मला अंदाज आहे.

हातचा एक

भीतीने हिशेब का चुकतो, याचे उत्तर आता बऱ्यापैकी मिळाले आहे. ४८ आणि ३७ यांची तोंडी बेरीज करताना आठ आणि सात पंधरा, पाच ठेवायचे, हातचा एक लक्षात ठेवायचा आणि मग दशकांकडे वळायचे. हा ‘हातचा’ जिथे क्षणभर ठेवला जातो, तिला मानसशास्त्रज्ञ कार्यकारी स्मृती म्हणतात. ती फार लहान असते. ॲशक्राफ्ट व कर्क यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बेरजेबरोबर काही अक्षरेही ध्यानात ठेवायला सांगितली, तेव्हा हातच्याच्या बेरजांत गणितभय असलेल्यांच्या चुका इतरांहून कितीतरी वाढल्या. ‘चुकले तर काय’ हा विचारच त्या स्मृतीत जागा अडवून बसतो, आणि हातच्याला जागा उरत नाही. घड्याळ लावले की जागा आणखी आकसते.

२०१२ मधील दोन अभ्यास मला विशेष वाटतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात सात ते नऊ वर्षांच्या मुलांच्या मेंदूचे चित्रण केले तेव्हा गणितभय असलेल्यांत भीतीशी संबंधित अमिग्डाला अधिक उद्दीपित झालेला दिसला आणि हिशेबाशी संबंधित भाग तुलनेने मंद. त्याच वर्षी लायन्स व बायलॉक यांनी प्रौढांत असे दाखविले की, ‘आता गणित येणार’ अशी सूचना मिळताच शारीरिक वेदनेशी निगडित असलेला इन्शुलाचा मागचा भाग जागा होतो. प्रत्यक्ष गणित सोडविताना मात्र तसे दिसत नाही.

बूट घालताना पोट दुखते, तासाला उभी राहिल्यावर नाही, असे ती मुलगी म्हणाली होती. तिने हे शोधनिबंध वाचलेले नव्हते.

भीती जन्मजात नसते, याविषयीही एक पुरावा आमच्याच वयोगटातला आहे. कॅरन विन यांनी १९९२ मध्ये पाच महिन्यांच्या बाळांसमोर एक बाहुली ठेवली, पडदा ओढला, पडद्यामागे दुसरी बाहुली नेताना दाखविली आणि पडदा काढला. दोनऐवजी एकच बाहुली दिसली तर बाळे अधिक वेळ टक लावून पाहत. बोलताही न येणाऱ्या बाळाला एक अधिक एक कळते, निदान खटकते. भय नंतर येते, आणि बहुधा मोठ्या माणसांकडून येते. बायलॉक व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पहिली-दुसरीच्या सतरा शिक्षिकांच्या वर्गांचा अभ्यास केला. ज्या शिक्षिकांना स्वतःला गणिताचे भय होते, त्यांच्या वर्गातील मुलींची, आणि केवळ मुलींचीच, गणितातील प्रगती वर्षअखेरीस मागे पडलेली दिसली. ज्या मुलींनी ‘गणित मुलांचे, वाचन मुलींचे’ ही समजूत उचलली, त्यांच्यात हा परिणाम होता. “मलाही गणित कधी आलं नाही, हिने माझंच घेतलंय,” हे वाक्य मी दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी ऐकते. म्हणणारी आई कौतुकानेच म्हणते.

०.३५

ही घटना सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला. निवासी डॉक्टर म्हणून मी काम करीत होते, १९९४ चा सुमार. रात्री दोनला साडेतीन किलोचे, हृदयाला जन्मतः छिद्र असलेले एक बाळ धापा टाकत आले. प्रारंभीचे उपचार झाले आणि वरिष्ठांनी डिगॉक्सिनची पुढची नियमित मात्रा लिहायला सांगितली. किलोमागे दिवसाला १० मायक्रोग्रॅम, दोन भागांत. १० गुणिले ३.५ म्हणजे ३५, निम्मे १७.५. द्रावणात एका मिलीत ५० मायक्रोग्रॅम. तर किती मिली? वरिष्ठ माझ्या खांद्यामागे उभे होते आणि बोटांनी टेबलावर ताल धरीत होते. त्या तालात मला गुरुजींच्या छडीचा आवाज ऐकू आला, आणि मी लिहिले : ३.५ मिली.

वरिष्ठांनी न पाहता सही केली. औषध मोजायला घेतलेल्या सिस्टरने ड्रॉपर हातात धरूनच विचारले, “डॉक्टर, एवढं? काल शेजारच्या बाळाला अर्ध्या मिलीच्याही आत होतं.” उत्तर ०.३५ होते. मी दहापट लिहिले होते. ती सिस्टर सहावी-सातवीपर्यंत शिकलेल्या आईची मुलगी होती आणि तिला आकड्यांची भीती नव्हती. तिला फक्त ड्रॉपरमध्ये किती असते हे ठाऊक होते. बाळ वाचले. त्यानंतर कित्येक दिवस मला जेवण गेले नाही.

दशांशचिन्हाची चूक ही बालरोगशास्त्रातील ओळखीची चूक आहे, कारण आमच्याकडे प्रत्येक मात्रा वजनावर काढावी लागते आणि दहापट चूक झाली तरी ती एका सिरिंजमध्ये सहज मावते. म्हणूनच दशांशाआधी शून्य लिहावे (.५ नव्हे, ०.५) आणि पूर्णांकानंतर दशांश-शून्य लिहू नये (५.० नव्हे, ५), हा नियम जगभर सांगितला जातो. पण नियम हाताला सांगता येतो. माझी अडचण हाताची नव्हती. मी तेव्हापासून प्रत्येक मात्रा दोनदा, दोन वेगळ्या रीतींनी काढते, कोणी मागे उभे असेल तर त्याला बसायला सांगते, आणि माझ्या हाताखालच्या डॉक्टरांना हिशेब करताना घाई करीत नाही. माझ्या विभागात ‘मला मोजून देता का?’ असे विचारणे कमीपणाचे मानले जात नाही. ते तसे व्हायला मला दहा वर्षे लागली.

आपण पेरलेले भय

एक आडवळण घेते. पालकांना आकड्यांचे भय आपणही लावतो. बार्टन श्मिट यांनी १९८० मध्ये ‘फीवर फोबिया’ हा शब्द रूढ केला : बाळ खेळते आहे, दूध पिते आहे, पण थर्मामीटरवर १०१ दिसले की घर रात्रभर जागे. दुसरा प्रकार वाढीच्या आलेखाचा. मी एकदा सहज म्हटले, “बाळ पंधराव्या शततमकावर आहे, छान वाढतंय.” आईच्या डोळ्यांत पाणी. तिने ऐकले होते, शंभरापैकी पंधरा गुण. शंभर निरोगी मुलांना वजनाने ओळीत उभे केले तर पंधरा त्याच्या मागे आणि बाकीची पुढे, एवढाच त्याचा अर्थ. नापास कोणीच नाही. तेव्हापासून मी आलेख मातेच्या हाती देऊन आधी रेषेची दिशा दाखविते, आकडा नंतर.

उपचार

आता उपचारांविषयी. पहिले काम म्हणजे डोळे व कान तपासणे. फळ्यावरचा ३ हा ८ दिसणारी मुले आजही येतात. दुसरे, डिस्कॅल्क्युलिया वगळणे. ही चाचणी मानसतज्ज्ञांकडून करून घ्यावी आणि आठ वर्षांच्या आत घाईने शिक्का मारू नये, असे माझे मत आहे. निदान झालेच तर विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये झालेला आहे, आणि परीक्षेतील सवलती ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे पालकांना सांगावे.

या मुलीत ते नव्हते. तेव्हा प्रथम आईवडिलांशी बोलले. वडील अभियंता, रोज रात्री स्वतः अभ्यास घेणारे. “इतकं साधं आहे हे!” हे त्यांचे आवडते वाक्य. मलोनी व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखविले आहे की, गणिताचे भय असलेले पालक जितक्या वारंवार गृहपाठाला मदत करतात तितके मूल कमी शिकते आणि अधिक भिते. वडिलांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “पण मला कुठे भीती आहे?” मी विचारले, दहावीच्या बोर्डाचे स्वप्न अजून पडते का? ते हसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. गृहपाठ तीन महिन्यांसाठी त्यांच्याकडून काढून घेतला.

शाळेला पत्र लिहिले. पोटदुखीचे प्रमाणपत्र नव्हे. सुट्टी देणे हा या विकारावरील सर्वांत वाईट उपाय आहे, कारण टाळल्याने भय वाढते. विनंती एवढीच की दोन महिने तिची तोंडी चाचणी घड्याळाविना, वर्गाबाहेर, एकटीची घ्यावी. एका तरुण शिक्षकांनी ती मान्य केली, याचे श्रेय त्यांचे.

पुढचा मार्ग जुनाच आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला खाऊ देत देत ससा रोज थोडा जवळ आणला, शेवटी त्याने तो कुरवाळला. आमचा ससा म्हणजे अपूर्णांक. सुरुवात स्वयंपाकघरात : पाव वाटी, पाऊण वाटी, चौघांचा शिरा सहा जणांसाठी करायचा तर रवा किती. मग मंडईत भाजीचा हिशेब, सुटे पैसे मोजून घेणे. मग कागदावर एकच उदाहरण, पेन्सिलीने, वेळ न पाहता. बरोबर आले तर ‘हुशार’ म्हणायचे नाही. कसे केलेस, हे विचारायचे. चुकले तरी तेच विचारायचे. लहान भावंडाबरोबर सापशिडी. एकापासून पुढे क्रमाने घरे मोजत जाणाऱ्या पटांनी लहान मुलांची संख्यांची जाण सुधारते, असे रमाणी व सीग्लर यांनी २००८ मध्ये दाखविलेले आहे. परीक्षेआधी दहा मिनिटे मनातली भीती कागदावर लिहून काढायची, ही युक्ती रामिरेझ व बायलॉक यांची (२०११). तिने पहिल्यांदा लिहिले ते मला दाखविले : एकच ओळ होती, आणि ती वडिलांविषयी होती.

औषध दिले नाही. आम्लपित्ताचे बंद केले. स्टॅनफर्डच्याच गटाने २०१५ मध्ये दाखविले होते की, आठ आठवड्यांच्या एकास एक शिकवणीनंतर भ्यायलेल्या मुलांचे भयही उतरते आणि अमिग्डालाची क्रियाही. आमच्याकडे आठ आठवड्यांत एवढे झाले की लाल वर्तुळे महिन्याला एखाद-दुसरी उरली. सहामाहीच्या आधी पुन्हा चार आली. पूर्ण बरी झाली, असे मी म्हणणार नाही.

या फेब्रुवारीत ती आली ती स्वतःसाठी नव्हे. धाकट्या भावाला ताप होता. मी त्याला तपासले आणि सहज तिच्यापुढे कागद सरकविला. भाऊ १२ किलोचा. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम. औषधाच्या ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. किती द्यायचे? तिची आई काही बोलणार होती, मी हातानेच थांबविले. बाहेर रुग्ण खोळंबले होते. तिने १८० काढले, मग एका मिलीत ५० काढले, मग बोटांवर पन्नास, शंभर, दीडशे मोजले, तीन मिली लिहिले, आणि उरलेल्या तीसपाशी थांबली. बराच वेळ थांबली. मग पुटपुटली, दहात दोन दशांश, तिसात सहा. ३.६.

मी माझ्या कागदावर दोनदा मांडून पाहिले. तिने वाकून माझा कागद वाचला आणि विचारले, “तुम्ही पण बाजूला सगळं लिहून काढता?”

मी हो म्हटले, आणि ३.६ मिली अशी चिठ्ठी लिहिली.